पावसाळ्यात मेल्ट-अँड-पोअर साबणाला घाम फुटतो: कारण ओळखा, मग उपाय करा

दर वर्षी जून लागला की अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत मेल्ट-अँड-पोअर पद्धतीने, म्हणजे विकतचा तयार साबण-बेस वितळवून साच्यात ओतून, घरी साबण करणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते. वडी साच्यातून काढली तेव्हा काचेसारखी स्वच्छ होती, सकाळी बघितलं तर वर पाण्याचे थेंब, हाताला चिकट, आणि कागदात गुंडाळलेली असेल तर कागद भिजून वडीलाच डकवलेला. पुसलं की दोन-तीन तासांत पुन्हा तेच. मग कोणी बेस बदलतं, कोणी साबण फ्रीजमध्ये ठेवतं, कोणी वरून कॉर्नफ्लॉवर भुरभुरवतं. यातल्या फ्रीजच्या उपायाने त्रास उलट वाढतो आणि पिठाचा तर चिखल होतो.

किनाऱ्यावर हा प्रश्न रेसिपी बदलून पुरता सुटत नाही. वडी साच्यातून निघाल्यापासून ती हवाबंद होईपर्यंत किती वेळ उघडी राहते आणि त्या वेळी ती आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड आहे का, यावर जवळजवळ सगळं ठरतं. बेस, रंग, सुगंध, वरची भर यांनी घाम कमी-जास्त होतो, पण ते सगळं त्यानंतर.

घाम येतो कुठून

मेल्ट-अँड-पोअर बेस म्हणजे साबण, पाणी आणि त्याला वितळण्याजोगा, पारदर्शक ठेवणारे ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे घटक. हे तिन्ही हवेतली वाफ ओढून घेतात. उघड्या बरणीतलं मीठ आषाढात पाझरतं, तसाच हा प्रकार. हवेची आर्द्रता ६० टक्के असेल तर शुद्ध ग्लिसरीन आपल्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी धरून ठेवतं. ८० टक्क्यांना जवळपास स्वतःच्या वजनाइतकं धरतं आणि ९० टक्क्यांना त्याच्याही दुप्पट. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीवर आर्द्रता बहुतेक वेळ ८५ च्या आसपास किंवा वरच असते. म्हणजे वडीच्या पृष्ठभागावरचं ग्लिसरीन पाणी ओढत राहणार आणि ते मावेनासं झालं की थेंब दिसणार.

बेसमध्ये मुळातच थोडं पाणी असतं, त्यामुळे हीच वडी कोरड्या हवेत उलट वागते. घाटावर उन्हाळ्यात ती पाणी सोडते, जरा आकसते, कडक होते. साबणाचे बरेच व्हिडिओ अशा कोरड्या हवेत केलेले असतात आणि त्यात ‘साच्यातून काढून एक दिवस तशीच राहू द्या’ असं हमखास सांगतात. तिथे ते चालतं. मालवणात श्रावणात तो एक दिवसच नडतो.

घाम म्हणजे साबण बिघडला असं नव्हे. अशी वडी अंगाला लावायला काही हरकत नाही. पण भेट म्हणून द्यायची, होमस्टेच्या खोलीत ठेवायची किंवा गणपतीत स्टॉलवर मांडायची असेल तर ती कोणी हातात घेणार नाही.

आधी थेंब ओळखा

थेंब पाच प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. त्यामुळे काहीही बदलण्याआधी हे तपासून घ्या. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा हवा. तो नसेल तर साबणाच्या कामासाठी सगळ्यात आधी तोच घ्या, साचे नंतर आणलेत तरी चालतील.

वडी साच्यातून काढल्याबरोबर वजन करून चिकटपट्टीवर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. वजन वाढलंय, थेंब सगळ्या उघड्या बाजूंवर आहेत आणि बोटाला चिकट लागतात, तर ते पाणी हवेतून आलं आहे. खरा घाम तो हाच.

थेंब फ्रीजमधून किंवा एसीच्या खोलीतून बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच आले, अगदी बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले असले, तर ते दंव आहे. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की हवेचा दवबिंदू साधारण २५ अंशांवर असतो. म्हणजे २५ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमणारच, मग ती स्टीलची वाटी असो की साबण. फ्रीजमधली वडी ५ ते ८ अंशांवर असते, एसीमधली २२ ते २४ वर. या दंवाचं पाणी लगेच ग्लिसरीनमध्ये मुरतं आणि तासाभरात तेही चिकट होऊन जातं, म्हणून लोकांना दोन्हींतला फरक कळत नाही.

थेंब वेष्टनाच्या आतल्या बाजूला, सपाट पृष्ठभागावर धुक्यासारखे असतील आणि वजन वाढलेलं नसेल, तर वडी कोमट असतानाच गुंडाळली गेली आहे. तीच वडी वेष्टनासकट जड झाली असेल तर वेष्टन गळतं आहे.

थेंब एकाच जागी, म्हणजे फुलाच्या पाकळीभोवती, घोसाळ्याच्या जाळीच्या कडेला किंवा दोन थरांच्या सांध्यावर असतील, तर ते पाणी तुम्हीच घातलेल्या भरीतून आलं आहे.

पाचवा प्रकार पाण्याचा नाहीच. थेंब टिपून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लावा आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवा. पाण्याचा डाग सुकून जातो, कागद जरा सुरकुततो. डाग तसाच राहिला आणि कागद उजेडाकडे धरल्यावर त्यातून आरपार दिसलं, तर ते तेल आहे. सुगंध किंवा वरून घातलेलं तेल बेसला पेललं नाही आणि बाहेर पडलं. ग्लिसरीनचा घामही सुकताना मागे चिकट थर सोडतो, पण तो ओल्या बोटाने पुसला जातो. तेलाचा डाग जात नाही.

बेस निवडताना

पारदर्शक बेसमध्ये साबणाचे स्फटिक दिसू नयेत म्हणून ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, ग्लायकॉल, कधी साखर यांचा हात सढळ असतो. पावसाळ्यात थेंब सगळ्यात ठळक दिसतात ते त्याच्यावर. पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे शिया बटर, गोट मिल्क अशा नावांनी येतो त्यात, टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्यालाही घाम येतो, पण तो कमी दिसतो आणि वडीचं रूप टिकतं. जून ते सप्टेंबर पांढऱ्या बेसवर काम करायचं आणि पारदर्शक वड्या डिसेंबर-जानेवारीसाठी राखायच्या, हे वेळापत्रक कोकणात सोयीचं पडतं.

‘लो स्वेट’ नावाचा बेस मिळतो. त्यात ओल ओढणारे घटक बेताने घातलेले असतात. त्याने फरक पडतो, मात्र ‘लो’ म्हणजे शून्य नव्हे. लेबलावरची घटकांची यादी वाचा. घटक बहुधा जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेले असतात. ग्लिसरीन, सॉर्बिटॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल तिन्ही पहिल्या चार-पाच नावांत असतील तर तो बेस किनाऱ्यावर पावसाळ्यात त्रास देणार. लेबलच नसेल, कापलेले तुकडे साध्या पिशवीत घालून दिलेले असतील, तर घेऊ नका. ते तुकडे दुकानात किती दिवस हवा पीत होते ते कळायला मार्ग नसतो. १ किलोची अखंड, सील केलेली लादी घ्या. कुरिअरने आली तर उघडण्याआधी उजेडात धरून आत थेंब आहेत का बघा. लागेल तेवढा तुकडा कापून उरलेली लादी क्लिंग फिल्ममध्ये (स्वतःला चिकटणाऱ्या पातळ प्लॅस्टिकच्या कागदात) घट्ट गुंडाळून रबर लावलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

दोन-तीन बेसपैकी कोणता घ्यावा हे घरीच तपासता येतं. घट्ट झाकणाच्या डब्यात एका वाटीत अर्धी वाटी मीठ घ्या आणि ते नुसतं भिजेल इतकं पाणी घाला. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. झाकण लावलं की काही तासांत आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीठ पाकिटातलं, शुद्ध केलेलं घ्या. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांनी आकडा घसरतो. मग प्रत्येक बेसचा २० ते २५ ग्रॅमचा तुकडा वजन करून बाटलीच्या झाकणावर त्या डब्यात ठेवा. तुकडा मिठाला किंवा पाण्याला टेकू देऊ नका. ४८ तासांनी पुन्हा वजन करा. जो सगळ्यात कमी वाढला तो तुमचा पावसाळी बेस. तुकडे सारख्या आकाराचे कापा, नाहीतर जास्त पृष्ठभाग असलेला तुकडा उगाच नापास होतो.

याच डब्यात हवेची आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, हायग्रोमीटर, १२ तास ठेवून तपासून घ्या. ७५ च्या जागी ८१ दाखवत असेल तर यापुढे त्याच्या आकड्यातून ६ वजा करत जा. स्वस्त यंत्रांत इतका फरक सर्रास निघतो.

भर घालताना हात आखडता

५०० ग्रॅम बेसला, म्हणजे साधारण पाच वड्यांना, कोरड्या दिवसांत जे चालतं ते पावसाळ्यात जसंच्या तसं चालत नाही.

वरून ग्लिसरीन अजिबात नको. बऱ्याच कृतींत ‘त्वचा मऊ राहावी म्हणून’ एक चमचा ग्लिसरीन सांगितलेलं असतं. बेसमध्ये ते आधीच भरपूर आहे, एक चमचा म्हणजे घामाला आमंत्रण. मधाचंही तेच. हिवाळ्यात ५०० ग्रॅमला अर्धा चहाचा चमचा ठीक, पावसाळ्यात तेवढाही नको. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, नारळाचं दूध, काकडीचा रस हे सगळं पाणीच. वडी मऊ पडते, घाम सुटतो, आणि ताज्या गराला काही दिवसांत बुरशी धरते ते वेगळंच. नारळाचं दूध हवंच असेल तर त्याची पावडर घ्या, ५०० ग्रॅमला एक चहाचा चमचा, थोड्या वितळलेल्या बेसमध्ये गुठळ्या मोडून.

तेलं आणि बटर मिळून ५ ग्रॅमच्या वर जाऊ नयेत. कोकमाच्या बियांचं तेल, आपलं मुठेल, इथे चांगलं बसतं. ते अंगच्या उष्णतेच्या थोडं वर वितळतं, त्यामुळे वडी मऊ पडत नाही. पण ५ ऐवजी १५ ग्रॅम घातलं की फेस मरतो आणि वर्तमानपत्रावर तेलाचा डाग उमटायला लागतो.

कोकमाचा लाल रंग साबणात येत नाही. सोलांचा अर्क किंवा आमसुलाची पूड घालून गुलाबी वडी करण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण कोकमाचं रंगद्रव्य आंबट असताना लाल आणि अल्कधर्मी साबणात मळकट हिरवट-करडं होतं. वर आमसुलातलं आम्ल साबणाच्या रेणूंना मोडतं आणि त्याला लावलेलं मीठ ओल ओढतं. एका घटकात तीन नुकसानं. हळदही साबणात पिवळी राहत नाही, विटकरीकडे झुकते. तो रंग आवडत असेल तर चिमूटभर घाला, फक्त पिवळ्याची अपेक्षा धरू नका. गुलाबी-पिवळ्यासाठी सौंदर्यप्रसाधनांच्या दर्जाचे ऑक्साइड किंवा मायका (अभ्रकाची रंगीत पूड) घ्या, ५०० ग्रॅमला पाव ते अर्धा चहाचा चमचा.

मायका भिजवायला सगळीकडे ग्लिसरीन सांगतात. त्याऐवजी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल एक चमचा घ्या. गुठळ्या तितक्याच मोडतात आणि अल्कोहोल उडून जातं. बुडबुडे मारायला आणि थर चिकटवायलाही तेच स्प्रेच्या बाटलीत ठेवा. ७० टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये उरलेलं पाणीच असतं, ते नको. हे चटकन पेट घेतं, म्हणून गॅस बंद केल्याशिवाय बाटली ओट्यावर आणू नका आणि खिडकी उघडी असू द्या.

सुगंध पावसाळ्यात दीड टक्का पुरे, म्हणजे ५०० ग्रॅमला ७ ते ८ ग्रॅम. स्वस्त ‘अत्तर’ बऱ्याचदा डायप्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये पातळ केलेलं असतं. तेही ओल ओढतं आणि वास कमी येतो म्हणून आपण आणखी ओततो. साबणासाठी म्हणून विकलेला सुगंध घ्या आणि विक्रेत्याकडून त्वचेवर वापरण्याचं प्रमाण लिहून घ्या. अगरबत्तीचा किंवा खोलीत मारायचा सुगंध साबणात कधीही घालू नका.

सुरंगी, बकुळ, सोनचाफा, कुठलंही ताजं फूल वडीत बसत नाही. सुकवलेलंही काही आठवड्यांत तपकिरी होतं आणि पावसाळ्यात त्याच्याभोवती थेंबांचं कडं धरतं. घोसाळ्याची जाळी मात्र छान चालते, ती खरोखर कोरडी असेल तर. जून-जुलैत नुसती हवेत लटकवलेली जाळी कोरडी नसते. ओव्हनमध्ये ६० अंशांवर तासभर ठेवा आणि कोमट आहे तोवरच साच्यात घाला.

वितळवणं: झाकणाखालचं पाणी

बेसचे दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. मायक्रोवेव्ह असेल तर २० सेकंदांच्या टप्प्यांनी तापवा, दर वेळी ढवळा. गॅसवर करत असाल तर पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून, पण पाणी खळखळ उकळू देऊ नका. ६० ते ६५ अंशांवर बेस छान वितळतो. ७० च्या वर नेला की त्यातलं पाणी उडतं, बेस दाट आणि गढूळ होतो, उरतं त्यात ग्लिसरीनचं प्रमाण वाढतं. असा करपता करपता वाचलेला बेस जास्त घाम गाळतो.

आता एक बारीक गोष्ट, जी क्वचित कोणी सांगतं. गॅसवर वितळवताना खालच्या भांड्यातली वाफ वरच्या भांड्याच्या कडेवरून आत शिरते किंवा झाकणाला थंड होऊन थेंबथेंब बेसमध्ये पडते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली हवा आधीच भरलेली असल्याने ती वाफ कुठे जात नाही. वरचं भांडं खालच्यापेक्षा रुंद तोंडाचं घ्या, म्हणजे कडेने वाफ निसटायला फट राहत नाही, आणि झाकणाला कोरडा पंचा बांधा. त्याच वेळी शेजारच्या गॅसवर भात किंवा पेज शिजत नसावी.

५५ ते ६० अंशांवर सुगंध आणि रंग मिसळा, ५२ ते ५५ वर साच्यात ओता, लगेच अल्कोहोलचा एक फवारा. दोन थरांची वडी असेल तर पहिल्या थरावर साय धरली आणि बोटाने हलकं दाबल्यावर खळगा उमटेनासा झाला, की दुसरा थर ५० अंशांच्या आसपास ओता, दोन्ही थरांमध्ये अल्कोहोलचा फवारा मारून. मधलं अंतर १५-२० मिनिटांच्या वर नेऊ नका. पहिल्या थरावर तेवढ्यात ओल धरली की थर चिकटत नाहीत, वडी वापरताना मधूनच फाकते, आणि दोष सुगंधाला दिला जातो.

साच्यातून डब्यापर्यंत

सगळं नीट करूनही इथेच बिघडतं.

ओतल्यावर साचा जागच्या जागी, खोलीच्या तापमानाला राहू द्या. फ्रीज नको, फ्रीझर तर नकोच. पहिला अर्धा-पाऊण तास वरची वाफ जाऊ द्या. साय पक्की धरली की क्लिंग फिल्मचा तुकडा थेट वडीच्या पृष्ठभागाला टेकवून हाताने सपाट करा, मधे हवा नको. यामुळे उरलेले तीन-चार तास वडी थंड होत असताना तिची एकमेव उघडी बाजूही झाकलेली राहते. बाकी सगळ्या बाजूंना सिलिकॉनचा साचा आहेच.

१०० ग्रॅमची वडी २८ अंशांच्या खोलीत तीन ते चार तासांत पूर्ण थंड होते. साच्याचा तळ हाताला जरासाही कोमट लागत असेल तर थांबा. कोमट गुंडाळली की वेष्टनात धुकं धरणारच. आणि थंड झाल्यावर रात्रभर ठेवू नका. संध्याकाळी ओतलेला साबण सकाळी बघू म्हटलं की ती रात्र त्याला भोवते. सकाळी ओतून दुपारी गुंडाळता येईल असंच काम धरा.

एका वेळी पाच वड्यांहून जास्त काढू नका. त्या पाच गुंडाळून झाल्या की पुढच्या पाच. तीस वड्या ताटात मांडून मग एकेक गुंडाळत बसलं की शेवटच्या दहांवर थेंब आलेले असतात. हातात नायट्राइलचे मोजे घाला, हाताचा घाम आणि बोटांचे ठसे दोन्ही वाचतात. काढलेल्या वड्यांवर पंखा सोडू नका. कोरड्या हवेत पंखा वडी सुकवतो, दमट हवेत तो दर क्षणी नवी ओली हवा आणून देतो.

खोलीत एसी असेल तर तो ड्राय मोडवर ठेवून गुंडाळणं उत्तम, पण वडी गुंडाळून होईपर्यंत त्याच खोलीत राहिली पाहिजे. एसीतून उघडी वडी पडवीत आणली की दंव. आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून एसीवर विसंबून मोठा घाट घालू नका. साचे भरलेले असताना वीज गेली तर वड्या साच्यातच, वर फिल्म लावून, राहू द्या. तिथे त्या सुरक्षित आहेत.

वेष्टन कशाचं? बटर पेपर, हातकागद, केळीचं सुकं पान, तागाची पिशवी, यातलं काहीही वाफ अडवत नाही. साधा सेलोफेनही अडवत नाही, जरी तो प्लॅस्टिकसारखा दिसतो. क्लिंग फिल्म अडवते, पण पातळ असते. १०० ग्रॅमच्या वडीला २० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, दर्शनी बाजूवर ताणून धरा, चुण्या मागे घ्या, मग दुसऱ्या तुकड्याची आणखी एक फेरी द्या आणि चुण्यांवर लेबल चिकटवा. केस वाळवायच्या ड्रायरचा पाच सेकंद झोत दिला की फिल्म बसते. जास्त दिलात तर आतला पृष्ठभाग वितळून फिल्मला चिकटेल.

बीओपीपी या प्लॅस्टिकची पारदर्शक पाकिटं वाफ चांगली अडवतात. ती हातमशीनने सील करावी लागतात, नुसती चिकटपट्टीने मिटवायची पाकिटं कडेने गळतात. श्रिंक पिशव्यांमध्ये (गरम झोताने आकसून वडीला बसणाऱ्या) हवा बाहेर जायला सुईएवढी भोकं असलेल्याही येतात. त्या टाळा, बिनभोकाच्या मागा. सील जमलंय का ते बघायला एक बांधलेली वडी पाण्याच्या पातेल्यात बुडवून हलकेच दाबा. बुडबुडा आला तर सील गळतंय. सुंदर कागद, केळीचं पान, सुतळी जे काही शोभेचं लावायचं ते या हवाबंद थराच्या वरून लावा.

साठवायला रबराच्या झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. २० लिटरच्या डब्यातल्या दमट हवेत पाणी असतं जेमतेम अर्धा ग्रॅम, त्यामुळे ५० ग्रॅम सिलिका भरपूर वाटते. पण डबा दर वेळी उघडला की ताजी ओली हवा आत जाते. दिवसातून चार वेळा उघडायचा डबा आणि महिनाभर न उघडायचा डबा वेगळे ठेवा. रंग बदलणारी केशरी सिलिका घ्या. तिचा रंग पालटला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास ठेवून पुन्हा वापरता येते. सिलिकाच्या पुड्या उघड्या वडीला टेकवून ठेवू नका, त्या वडीतलं पाणीही ओढतात आणि तेवढ्या भागात खळगा पडतो.

डबा माळ्यावर नको, एप्रिल-मेमध्ये कौलांखाली वड्या मऊ पडतात. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीला टेकवूनही नको. जांभा पाझरतो आणि ती भिंत खोलीतली सगळ्यात थंड जागा असते, दंव आधी तिथेच धरतं. जानेवारीत केलेल्या आणि नुसत्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या वड्या मेपर्यंत झकास दिसतात, आणि पहिल्या पावसाच्या आठवड्यात सगळ्या एकदम पाझरतात. हिवाळी मालही हवाबंदच ठेवा.

बचतगटासाठी किंवा दुकानासाठी विकायला करत असाल, तर साबण हा सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. त्याच्या उत्पादनाला कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे परवाना लागतो आणि तो महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. लेबलावरच्या निव्वळ वजनासाठी वडी गुंडाळण्याआधी, कोरडी असताना मोजा. हवेतलं पाणी पिऊन जड झालेल्या वडीचं वजन छापू नका.

आधीच घामेजलेल्या वड्यांचं काय

धागे न सुटणाऱ्या सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. घासलं की चकाकी जाते आणि ओरखडे धरतात. मग वड्या एकमेकींना न टेकवता जाळीवर मांडा आणि ती जाळी मोठ्या बंद डब्यात, खाली २०० ग्रॅम ताजी सिलिका पसरून, एक दिवस ठेवा. सिलिका तळाशी, वडी जाळीवर, मधे बोटभर अंतर. दुसऱ्या दिवशी वजन करा. ते पहिल्या दिवशी लिहिलेल्या आकड्यावर आलं की लगेच गुंडाळा. वर पांढुरकी साय उरली असेल तर अल्कोहोलचा हलका फवारा मारून कापडाने एकदाच पुसा.

वजन उतरत नसेल, वडी दाबल्यावर मऊ लागत असेल, तर ती वितळवून टाका. मात्र तो बेस एकदाच पुन्हा वापरा, दुसऱ्यांदा नाही. दर वितळवणीला त्याचा पारदर्शकपणा आणि पोत उतरतो. झाकण न लावता ६० अंशांवर, सावकाश ढवळत वितळवा, म्हणजे प्यालेलं पाणी थोडं उडेल. वितळवण्याआधी आणि नंतर भांड्यासकट वजन करा. मूळ बेसच्या वजनाच्याही खाली जाऊ देऊ नका, नाहीतर तो दाट होऊन साच्यात नीट बसणार नाही. अशा बेसमध्ये पांढरा रंग घालून २५ ग्रॅमच्या छोट्या वड्या पाडा आणि वॉशबेसिनपाशी, खाली जाळी असलेल्या साबणदाणीत, एकेक करून वापरायला काढा. बाकीच्या त्याच डब्यात सिलिकावर राहू द्या.